नवमीची भरती

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, घरी येते, त्या दिवसापासून माझे कान समुद्राकडे लागतात. वाडीतली कामं असतातच. मोगऱ्याला पहिल्या कळ्या धरलेल्या असतात, केळींना पाणी सोडायचं असतं. पण दुपारी वारा फिरतो, सुरूची झाडं सूं सूं करायला लागतात आणि मला कळतं, आता भुईगावच्या वाळूत चिखल्याची पाखरं अंड्यांवर बसली असतील.

चिखल्या मुठीत मावेल एवढा. पाठ सुक्या वाळूच्या रंगाची, पोट पांढरं. चालतो तेव्हा पाय दिसतच नाहीत, चाकं लावल्यासारखा सरकत जातो. त्याचं घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, आत शिंपल्यांचे दोन-चार तुकडे. त्यात तीन अंडी, वाळूवर शाई शिंपडावी तशी ठिपक्याठिपक्यांची. पन्नास वर्षं मी या किनाऱ्यावर चालले. लहानपणी कालवं काढायला, मोठेपणी सरपणाला. ती अंडी मला कधी दिसली नाहीत. पायाखाली किती गेली असतील कोण जाणे.

ती मला दाखवली मेधाने. आज तिच्यामुळेच ही वही काढून बसले आहे. वहीची पुढची पानं घरट्यांच्या नोंदींनी भरली आहेत, मागची कोरी आहेत. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण लिहायचं म्हटलं की हात शाळेतल्या भाषेकडेच जातो. चौथीपर्यंत जी मिळाली ती. पाचवीच्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायला मी घरी राहिले आणि मग राहिलेच.

मेधा आली त्या वर्षी थंडी सरत होती. वडिलांना जाऊन चार वर्षं झाली होती. भाऊ लग्नानंतर पापडीला राहायला गेलेला. दिवसभरात माझ्या तोंडून जे शब्द निघायचे ते कोंबड्यांसाठी. फादरांनीच तिला माझ्याकडे पाठवलं. ती नागपूरची, पक्ष्यांचा अभ्यास करणारी, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. मला म्हणाली, "मावशी, पावसाआधी जाते. मागची खोली द्याल?" मी नुसती मान हलवली. तिला वाटलं मी नको म्हणते आहे. पिशवी उचलून निघाली तेव्हा मला तोंड उघडावंच लागलं. "चहा ठेवलाय," म्हटलं. आमचं बोलणं असं सुरू झालं.

नागपूरच्या मुलीला मासळीचे काटे काढता येत नव्हते. बोंबलापासून शिकवलं, मग मांदेली, मग बोय. दोरीवर दोघींचे कपडे. संध्याकाळी दोन ताटं. घरात दुसरं माणूस नुसतं खोकलं तरी भिंतींना बरं वाटतं, हे मी विसरून गेले होते.

पहाटे आणि संध्याकाळी ती किनाऱ्यावर जायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "फिलूमावशी, चला." मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं?" म्हणाली, "तुम्हाला वाळू कळते. मला नाही कळत."

तिने मला चालायला शिकवलं. या वयात. "घरट्याकडे सरळ जायचं नाही, मावशी. तिरकं जायचं, बाजूने. आणि थांबायचं नाही. रस्त्यात ओळखीचं माणूस समोरून आलं आणि बोलायचं नसलं की आपण कसे जातो, तसं."

"ते मला चांगलं जमतं," मी म्हटलं. ती एवढी हसली की पाणकाठावरचे बगळे उडाले.

दुसरा नियम कडक होता. घरट्याजवळ काही ठेवायचं नाही. काठी नाही, दगड नाही, शिंपला नाही. नंबर घालायचा तो तीस पावलांवरच्या सुरूच्या खोडाला, खडूने. "कावळा वर बसून बघत असतो. काल वाळूत नव्हतं ते आज दिसलं की तो उतरतोच."

आणि वही. तीन रकाने. घरटं, अंडी, कारण. अंडी गेली तर कशाने गेली ते तिसऱ्या रकान्यात लिहायचं. गाडीचं चाक, कुत्रा, कावळा, भरती. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहायचं. "कारण खोटं पडलं ना मावशी, तर उपायही खोटा पडतो. चाकाने गेलेली अंडी भरतीच्या नावावर घातली, तर गाड्या कोण अडवणार?" वहीत लिहायचं काम तिने मला दिलं. पहिल्या दिवशी तीन ओळी लिहायला अर्धा तास लागला. तिने एकही अक्षर सुधारलं नाही.

सात नंबरचं घरटं पिवळीचं. तिच्या डाव्या पायात मेधाने पिवळं कडं घातलं होतं म्हणून पिवळी. हे नाव माझं. मेधा नंबरच म्हणायची. पिवळीची पहिली अंडी एका रविवारी गाडीच्या चाकाखाली गेली. पाण्यापर्यंत गाडी नेऊन फोटो काढणारी माणसं आमच्याकडे फार येतात. दुसरी अंडी अमावास्येच्या उधाणात वाहून गेली. ती आम्ही दोघींनी पाहिली, पाणी सुरूच्या मुळांपर्यंत आलं होतं. पिवळी तिसऱ्यांदा बसली, आणखी वर, मर्यादवेलीच्या कडेला.

ऊन चढलं की पिवळी उठायची, धावत पाण्याकडे जायची, पोट भिजवायची आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसायची. पुन्हा उठायची, पुन्हा भिजवायची. मी सुरूच्या सावलीत बसून बघायचे. बाकी सगळी पाखरं अंड्यांना ऊब द्यायला बसतात, ही गारवा द्यायला. पोळत्या वाळूवर त्या एवढ्याशा पावलांच्या किती फेऱ्या. एकदा मेधाला म्हटलं, "तिला पाणी नेऊन ठेवू का वाटीत?" मेधाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "नाही मावशी," एवढंच म्हणाली.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी आमच्या देवळात झावळ्या वाटतात, त्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मेधा चार दिवसांसाठी गेली. तिची मुलाखत होती. दूर दक्षिणेला, नकाशा जिथे संपतो तिथे, एका बेटावर अल्बट्रॉस नावाचे पक्षी घरटी करतात, त्यांची राखण आणि मोजणी करायची नोकरी. त्या पक्ष्याबद्दल ती रोज संध्याकाळी पडवीत सांगायची. त्याचे पंख या खांबापासून त्या खांबापर्यंत. दोन वर्षांत एकच अंडं. एकाने अंड्यावर बसायचं, दुसऱ्याने समुद्रावर जायचं, आठवडेच्या आठवडे, हजारो मैल. बसणाऱ्याने उपाशी बसायचं. गेलेला परत येईपर्यंत. "आणि नाही आला तर?" मी विचारलं होतं. "तर भूक असह्य झाली की अंडं सोडून जायचं," ती म्हणाली.

जाताना म्हणाली, "सातवर लक्ष ठेवा. चार-पाच दिवसांत पिल्लं निघतील."

रविवारी देवळातून आशीर्वादाच्या झावळ्या घेऊन आले. आमच्याकडे वडील त्या झावळीच्या पात्यांचे बोटभर क्रूस वळायचे आणि वाडीत खोवायचे. विहिरीच्या कठड्यात एक, मोगऱ्याच्या वाफ्यात एक, केळीच्या बुडाशी एक, कोंबड्यांच्या खुराड्यावर एक. वर्षभर कीड, वादळ, साप यांपासून राखण. त्यांच्या मागे मी ते चालू ठेवलं आहे. त्या दिवशी चार खोवले आणि पाहते तर हातात पाचवा. कसा वळला गेला कळलं नाही. हाताने आपणच वळला.

संध्याकाळी फेरीला गेले तेव्हा तो माझ्या खिशात होता. किनाऱ्यावर सुट्टीची माणसं, गाड्या, मोकाट कुत्री. पिवळी अंड्यांवरून उठून एक पंख मोडल्यासारखा ओढत पळत होती, कुत्र्याला लांब न्यायला. मला नियम माहीत होता. तोंडपाठ होता. तरी मी सरळ गेले. थांबले. वाकले. आणि तो बोटभर क्रूस अंड्यांपासून वीतभर अंतरावर वाळूत खोवला. दोनदा जिची अंडी गेली तिच्यासाठी एवढं तरी करावं, असं वाटलं. राखण करण्यासारखं त्या दिवसांत माझ्याकडे दुसरं काय होतं?

सकाळी लांबूनच कावळा दिसला. चालत होता, पोट भरल्यावर चालतात तसा. खळग्यात ओलसर डाग होता. क्रूस आडवा पडलेला, त्याच्या चारी बाजूंनी कावळ्याच्या पायांचे ठसे. आधी क्रूसाभोवती, मग तिथून खळग्याकडे. वाळूत सगळं लिहिलेलं होतं. पिवळी थोड्या अंतरावर उभी होती. ती पंख मोडल्याचं सोंग करत नव्हती. नुसती उभी.

क्रूस उचलून खिशात घातला, पायाने ठसे पुसले. घरी येऊन वही उघडली. सात, अंडी नाहीत. तिसऱ्या रकान्यापाशी किती वेळ बसले आठवत नाही. मग लिहिलं, 'भरती'.

बुधवारी मेधा आली. नोकरी मिळाल्याचं सांगून मला मिठी मारली. मग वही उघडली. "इतक्या वर पाणी आलं?"

"आलं असेल," मी म्हटलं.

तिने भिंतीवर चिकटवलेल्या भरती-ओहोटीच्या तक्त्याकडे पाहिलं, मग पुन्हा वहीकडे. मी चुलीशी गेले आणि तिथे उभी असताना माझ्या लक्षात आलं मी काय लिहून बसले आहे ते. झावळ्यांच्या रविवारी त्या वर्षी नवमी होती. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधी पुनव येते, तिच्या सहा-सात दिवस आधी भांग, म्हणजे मंद भरती. नवमीला समुद्र अंग चोरून असतो, निम्म्या वाळूपर्यंतसुद्धा येत नाही. भुईगावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. मी खोटं लिहिलं तेही असं, की किनाऱ्यावर जन्मलेल्या बाईला लाज वाटावी.

मागे तिने वही मिटल्याचा आवाज आला. मी भात उतरवला.

पास्काच्या सणाला देवळातल्या प्रार्थनेनंतर, मिस्सानंतर, भाऊ आणि आयरिन वहिनी जेवायला आले. वहिनीची जीभ लवंगी मिरची, पण तिच्यामुळे घर भरल्यासारखं वाटतं हेही खरं. ताट घेता घेता म्हणाली, "काय गो फिलूबाय, तुझी पाखरं मिस्साला आली नाय ती?"

भाऊ म्हणाला, "जेवू दे गो तिला."

"मी काय बोलली? आता त्यांचा बाप्तिस्मा कर म्हणते. गॉडमदर तू, गॉडफादर कावळा!"

सगळे हसले. मेधाही हसली. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि हंड्यात पेला बुडवून तशीच उभी राहिले. क्रूस तेव्हा माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात होता. अजून आहे.

पिवळी चौथ्यांदा बसली नाही. दुसऱ्या दोन घरट्यांतून पिल्लं निघाली, कापसाच्या बोंडांना पाय फुटावेत तशी. बाहेर आल्या आल्या पळायलाच लागली. मेधा नाचली. मी टाळ्या वाजवल्या. जूनच्या तोंडाला ती निघाली. नोंदींचे फोटो तिने काढून घेतले आणि वही माझ्या हातात दिली. "पुढच्या वर्षीही लिहा. मला पाठवत जा." फाटकाशी रिक्षा उभी होती. पिशवी आत ठेवून ती परत माझ्याजवळ आली. "मावशी, मला काही सांगायचं आहे का तुम्हाला?"

"सुकेळी घेतलीस ना?" मी विचारलं.

"घेतली," ती म्हणाली आणि गेली.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी दरवर्षी घरटी मोजते. एकटीच. तिरकी जाते, थांबत नाही. खडूचे नंबर घालते. आता माझ्या नोंदी लवकर होतात. लोक म्हणतात, फिलू वेडी झाली, वाळूत काय शोधते. पण वहीची पहिली पानं, त्या वर्षीची, मी कधी उलटली नाहीत. नवी नोंद करायची तर वही मधूनच उघडायची.

मेधा बेटावर पोहोचली. तिथे फोन लागत नाही, पण कधीतरी यंत्रणा चालू होते आणि तिचे निरोप एकदम येतात, मोगऱ्याच्या कळ्या एका रात्रीत उघडाव्यात तसे. ती बोलून पाठवते. मागे वारा एवढा की तिचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा. सोबत नकाशाचा फोटो. सगळं निळं, त्यावर लाल रेघ. पक्ष्याच्या पाठीवरच्या पिसांना चिकटपट्टीने लहानसं यंत्र लावतात, ते सांगतं तो कुठे आहे. मी त्या रेघेवर बोट फिरवते. कुठेच जमीन नाही. रेघ जाते, गोल फिरते, पुन्हा पुढे जाते. माझ्या बोटाच्या एका पेराएवढं अंतर म्हणजे म्हणे भुईगाव ते नागपूर.

यंदा तिने मला एकाच जोडप्याच्या रेघा पाठवल्या. नर समुद्रावर, मादी अंड्यावर. दहा दिवस झाले, पंधरा झाले, वीस झाले. रेघ लांबच जात होती. मी रोज सकाळी फोन उघडून बघायचे, नवा फोटो आलेला नसला तरी जुनाच बघायचे. इथे ऊन तापत होतं आणि मला त्या न पाहिलेल्या, थंडीत बसलेल्या, उपाशी पाखराची काळजी. मग एक फोटो आला, त्यात रेघ वळलेली होती. घराच्या दिशेला. "आला, आला," मी कोंबड्यांना सांगितलं. आणखी कोणाला सांगणार?

त्यानंतरचा निरोप गेल्या आठवड्यात आला. मी वाफ्यात होते. ओल्या हातांनीच ऐकला.

"मावशी, अंडं गेलं. माझ्यामुळे गेलं. लांबून, दिवसातून एकदा बघायचं असा इथे नियम आहे. ती इतके दिवस उपाशी बसली होती, मला राहवेना. मी दोनदा जायला लागले. मग जवळ. परवा ती दचकून उठली. इथे घारीएवढा एक तपकिरी पक्षी असतो, तो टपलेलाच होता." मग नुसता वारा. मला वाटलं संपलं. "तो आज आला, मावशी. दोन दिवस उशिरा. अंडं नाही, तरी तिच्याशेजारी येऊन बसलाय. दोघं चोचीला चोच लावतात. मी कारणाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते? तुमचं कसं चाललंय?"

चार वेळा ऐकलं. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. तिने ते कोणाला तरी सांगून टाकलं होतं, आणि तो कोणीतरी मी होते. इतक्या लांब, सगळ्या निळ्याच्या पलीकडे, त्या मुलीला मी आठवले. आणि मी तिला तीन वर्षं वाडीत यंदा मोगरा किती आला ते सांगत होते.

काल वही घेऊन पडवीत बसले. पहिली पानं काढली. माझं तेव्हाचं अक्षर, मोठं आणि घाबरलेलं. सात. अंडी नाहीत. भरती. आणि त्या शब्दाच्या शेजारी, अगदी बारीक, पेन्सिलीने, मेधाच्या हातचा एक शब्द. मला चष्मा पुसावा लागला.

'नवमी'.

बाकी काही नाही. प्रश्नचिन्ह नाही, खूण नाही. तिने त्याच बुधवारी पाहिलं होतं. तिला कळलं होतं. शब्द खोडला नाही, मला विचारलं नाही, जवळ आली नाही. बाजूने गेली. फाटकाशी फक्त एकदा थांबली, आणि मी तिला सुकेळीचं विचारलं.

मी 'भरती'वर रेघ मारली. खाली लिहिलं: 'कारण, मी. झावळ्यांच्या रविवारचा क्रूस अंड्यांजवळ खोवला. कावळ्याने तो पाहिला. फिलोमिना.' प्रार्थनेच्या पुस्तकातला क्रूस काढून पानावर ठेवला. वाळून बाभळीच्या काट्यासारखा झाला आहे. दोन्हीचा फोटो काढला आणि पाठवला. फोनवर एकच खूण उमटली. म्हणजे निघाला आहे, पोहोचला नाही.

आज सकाळीही एकच खूण आहे. बेटावर यंत्रणा कधी चालू होईल सांगता येत नाही. आठवडा लागेल, दोन लागतील. मला रेघ वळण्याची वाट बघायची आता सवय आहे.

येत्या रविवारी झावळ्या आणायच्या आहेत. चार क्रूस वळेन.

दुपारी किनाऱ्यावर जाऊन आले. ऊन रखरखीत होतं, वाळू चपलेतून पोळत होती. दोन नंबरच्या घरट्यावरची मादी नुकतीच पाण्यावरून परत आली होती. पोट भिजलेलं, पिसांतून थेंब गळत होते. तिने माझ्याकडे मान वळवली. तिच्या पायात कडं नाही, ती माझ्या ओळखीची नाही. तीन अंडी असावीत, दिसली नाहीत. मी थांबले नाही. बाजूने गेले.